हेवीवेटला माणूस मिळेना

बॉक्सिंगचा विषय आम्ही मुद्दाम काढत नाही. रिटायर झालेले आम्ही चार-पाच जण संध्याकाळी बडा बाजारात चहाला जमतो. कोणाच्या गुडघ्याचं, कोणाच्या सुनेचं बोलणं चाललेलं असतं, आणि मग कोणीतरी एवढंच म्हणतं, "तो गार्ड आठवतो?" झालं. एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. घरी बायको विचारते, रोज तेच तेच काय बोलता? तेच नसतं. दर वेळी काहीतरी नवीन आठवतं.

वाफेची इंजिनं होती तेव्हाची गोष्ट. मी झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होतो. दर हिवाळ्यात इन्स्टिट्यूटच्या मैदानावर रेल्वेवाल्यांची बॉक्सिंगची स्पर्धा व्हायची. खात्रीचा वजनकाटा माझ्याकडे, म्हणून बॉक्सरांची वजनं मी घ्यायचो. मनगटावर घड्याळ होतं म्हणून राउंडची घंटाही मीच वाजवायचो. बॉक्सिंगमधलं बाकी मला काही कळत नव्हतं.

हेवीवेटचा चॅम्पियन होता लोको शेडमधला बॉयलरमेकर शिवदयाल. कमी बोलणारा, आणि दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागेल असा रुंद. या गटात एक्क्याऐंशी किलोच्या वरची माणसं लागत आणि ती मिळायची नाहीत. नियम असा, की दोन माणसं नसली तर गट कायमचा बंद. त्यामुळे दिवाळी झाली की आमचे सेक्रेटरी दिनकरकाका शिवदयालसमोर उभं करायला माणूस शोधत हिंडायचे. इतर गटांत पोरं तीन-तीन फाइट जिंकून फायनल गाठत. इथे काट्यावर वजन भरलं की थेट टायटल फाइट!

मला मात्र भारी कुतूहल असायचं. शिवदयालला बघूनही हा माणूस 'हो' का म्हणाला असेल? म्हणून काट्यावर चढलेल्या प्रत्येकाला मी ते विचारायचो.

*

पहिले आठवतात ते तिवारीजी, मालगाडीचे गार्ड. वजन एकशे चार. तुम्ही कशाला यात पडलात, असं मी विचारलं तर म्हणाले, आयुष्यभर सगळ्यात शेवटच्या डब्यात बसलोय, एकदा पुढे उभं राहून बघायचंय.

पुढे उभे राहिले. शिवदयालनं पहिल्या राउंडमध्ये त्यांना तीनदा मारलं, तेही जपून. घंटा झाली, तिवारीजी कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसले. मी दुसऱ्या राउंडची घंटा दिली, ते उठेनात. रेफरीनं विचारलं, लागलंय का? नाही. दम लागलाय का? नाही. मग?

तिवारीजी शांतपणे म्हणाले, "हमने गाड़ी रोक दी है. अब गार्ड की मर्ज़ी के बिना नहीं चलेगी."

*

पुढच्या वर्षी काकांनी गुरसरायचा एक पहिलवान आणला. रुळांच्या दुरुस्तीवरचा गँगमन होता. खराखुरा ताकदीचा माणूस, त्यामुळे आम्हाला वाटलं, चला, यंदा काहीतरी बघायला मिळणार. काकांनी त्याला आठवडाभर ठोसा शिकवला. तो मान डोलवायचा.

घंटा वाजली. पहिलवान सरळ आत घुसला, त्यानं शिवदयालला कमरेत धरलं, उचललं आणि पाठीवर पाडलं. मग छातीवर बसून लोकांकडे बघत राहिला. रेफरी शिट्टी फुंकून दमला. शेवटी चौघांनी त्याला ओढून काढलं आणि बाद केलं.

तो बिचारा खरंच गोंधळून गेला होता. काकांना म्हणाला, "चित तो कर दिया. अब और क्या करना था?"

*

एका साली शोधायची वेळच आली नाही. कुठल्याशा साहेबांचा मेहुणा स्वतःहून हजर झाला. त्याचं नाव कोणी लक्षात ठेवलं नाही, आम्ही सगळे त्याला मेहुणाच म्हणायचो. उंच, गोरा, केसांना तेल, अंगात रेशमी गाऊन, आणि सोबत फोटोग्राफर. आजवर एकही फाइट खेळलेला नव्हता. मी कारण विचारलं तेव्हा त्यानं लपवलं नाही. लग्नाचं बघत होते, फोटो हवा होता.

फाइटच्या आधी तो शिवदयालच्या कोपऱ्यात गेला आणि हात जोडून म्हणाला, भैया, चेहरा तेवढा सोडा. पुढच्या रविवारी मुलगी बघायला जायचंय.

शिवदयालनं मान हलवली. शब्दाचा पक्का माणूस. पूर्ण राउंड त्यानं चेहऱ्याला बोट लावलं नाही. जे काही मारलं ते बरगडीवर आणि पोटावर. बॉयलरचे रिव्हेट ठोकणारा हात तो, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आवाज जात होता. मेहुणा दुमडत दुमडत माझ्या टेबलाएवढा झाला.

राउंड संपला. मेहुण्यानं स्टुलावर दोन घोट पाणी घेतलं, फोटोग्राफरला जवळ बोलावलं आणि शिवदयालकडे निरोप पाठवला, "चेहऱ्यावर चालेल."

*

आणि तो बीना जंक्शनचा सुतार! माणूस मिळेना म्हणून काकांनी आजूबाजूच्या स्टेशनांना तारा केल्या होत्या : बॉक्सिंगसाठी वजनदार माणूस ताबडतोब पाठवा. बीन्याहून हल्के नावाचा सुतार आला. नाव हल्के, वजन ब्याण्णव. हातात करवत, रंधा आणि खिळ्यांची पिशवी.

मी काट्यावर चढा म्हटलं तर तो चढला. मग त्यानं विचारलं, खोके कुठे आहेत?

त्याला वाटलं होतं झाशीला मालाचं बॉक्सिंग करायचंय. काकांनी कपाळाला हात लावला. त्याला नीट समजावून सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जा म्हणाले. हल्केनं खिशातला हुकूम काढून पुन्हा वाचला. म्हणाला, यात बॉक्सिंग लिहिलंय, आणि समोर बॉक्सिंग चाललंय. मग परत कसा जाऊ?

तो खेळला. काकांनी दाखवलं तसे दोन्ही हात तोंडासमोर धरून तीन राउंड उभा राहिला, एकही ठोसा त्यानं मारला नाही. मात्र सारखा खाली बघत होता. हरल्याचं जाहीर झालं तसा ग्लोव्ह्ज काढून रिंगखाली शिरला. दोन तास ठोकाठोक चालली होती. बाहेर आल्यावर काकांना म्हणाला, "तख़्ता ढीला था. इस पे कोई कैसे लड़ेगा?"

*

शिवदयाल अकरा वर्षं चॅम्पियन होता. बाराव्या वर्षी माणूस मिळतच नव्हता. काकांनी गट बंद करायचा कागदही तयार ठेवला होता. वजनं घ्यायच्या दिवशी दुपारी माझ्या काट्यावर करीम ड्रायव्हर येऊन उभा राहिला.

करीमभाई शिवदयालच्या आधीचा चॅम्पियन. ज्या फायनलमध्ये तो हरला, त्या दिवशी त्याला सणकून ताप होता, हे अख्ख्या शेडला माहीत होतं. शिवदयाल त्या वर्षी ऐनवेळी भरलेला राखीव माणूस. पहिल्याच राउंडमध्ये जिंकला. करीमभाईची पुढे बदली झाली. आता रिटायर व्हायला तीन महिने उरले होते आणि तो झाशीला परत आला होता.

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "वसंता, या वयात ह्याला टायटल फाइट द्यायची? लोक काय म्हणतील?"

शिवदयाल दारात उभा होता. अकरा वर्षांत त्यानं समोरच्या माणसाबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी तो म्हणाला, "बाबूजी, हक़ इन्हीं का है. मैं तो बुखार से जीता था."

मी काट्याकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर. पार्सल ऑफिसात मी कधी एक छटाकही इकडची तिकडे केली नव्हती. करीमभाई सरळ समोर बघत होता. त्याला मात्र मी काही विचारलं नाही. वहीत ब्याऐंशी लिहिलं आणि खाली सही केली.

फाइट खरी झाली. पहिल्या राउंडला शिवदयाल हात आखडून होता. करीमभाईनं त्याच्या नाकावर असा एक दिला, की रक्त आलं. त्यानंतर कोणी कोणाला सोडलं नाही. करीमभाई दोनदा गुडघ्यावर आला, दोन्ही वेळा स्वतः उठला. मी शेवटची घंटा दिली. तिन्ही पंचांनी निकाल शिवदयालच्या बाजूनं दिला.

लोक पांगायला लागले. करीमभाई दोरीला धरून शिवदयालच्या कोपऱ्यापर्यंत आला. माझं टेबल अगदी खाली होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"शिवदयाल," तो म्हणाला, "उस दिन मुझे बुखार नहीं था."