पंख्यापुढची बैठक

निवृत्त होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा वडिलांनी ते विमान पुन्हा कागदावर काढायला घेतलं. मुलुंडला आमच्या भागात तेव्हा घरं विरळ होती, दुपारी सगळीकडे सामसूम असायची. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते विलायतेत शिकायला गेले होते आणि एका लहानशा विमान कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले होते, एवढंच आम्हांला ठाऊक होतं.

विमान लढाऊ होतं. नाकावर फिरणाऱ्या पंख्यातून गोळी झाडायची सोय त्या कारखान्याकडे नव्हती. म्हणून तिथल्या वरिष्ठांनी बंदूकवाल्याची बैठकच पंख्याच्या पुढे नेली. लाकडी खोकं, चार नळ्यांवर तोललेलं. मध्ये इंजिन, मागे पायलट. दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू जात नसे. त्या चार नळ्यांचं ड्रॉइंग वडिलांचं.

मी शाळेत गणित शिकवत होते. घरी आले की ते मला आकडे तपासायला देत. नळीची जाडी, वजन, ताण. आई त्यांचं ताट झाकून ठेवून कंटाळली. मी सगळं तीनदा पडताळलं आणि आनंदाची बातमी असावी तसं सांगितलं, "बाबा, नळ्या बरोबर आहेत. तुमचं काही चुकलं नाही."

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. चाचणीच्या दिवशी विमान नीट उतरलं होतं, पण ओल्या गवतात चाक रुतलं आणि ते नाकावर आपटलं. मागचं इंजिन पुढच्या खोक्यावर आलं. पायलट चालत बाहेर आला. पुढे बसलेला वडिलांच्याच वयाचा होता. सकाळी त्याने आणि वडिलांनी बरोबर चहा घेतला होता.

"नळ्या चुकल्या असत्या तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "माणूस तिथं बसवायचाच नव्हता. पहिली रेघ मारली तेव्हाच मला ते दिसलं होतं. नोकरी नवी होती. बोललो नाही."

बोलला असतात तरी कुणी ऐकलं असतं का, असं मी विचारलं. हेच चाळीस वर्षं स्वतःला सांगून पाहिलं, म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही. मला वाटलं, सुटले. पण ते नुसते बसून राहू लागले. वर्षाच्या आत गेले. आई मला कधी काही बोलली नाही.

एखादा आकडा मला चुकवता आला असता. तेव्हा ते सुचलंच नाही.