न झालेली दुसरी भेट

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधली माणसे पक्क्या घरांत गेली, पण शेडमध्ये लागलेली दारू त्यांच्यासोबतच आली. किल्लारीच्या बाजूला एका निवृत्त गुरुजींनी ती सोडवण्यासाठी केंद्र काढले होते. त्यांची पद्धत साधी होती. ज्याचे हात थरथरतात त्याला औषध देऊन परातीपुढे बसवायचे.

"थरथरू दे. पिठाला काय कळतंय? मळ."

सगळ्यांच्या भाकरी तोच थापायचा. सुरुवातीला त्या वेड्यावाकड्या व्हायच्या. गुरुजी ताटातली भाकरी उचलून विचारत, "हा कोणता तालुका, रे?" आणि अख्खी पंगत हसायची.

मी नांदेडला सरकारी नोकरीत होतो. राज्यातल्या अशा केंद्रांचा खरोखर उपयोग होतो का, हे एकदा तपासायचे ठरले आणि आमच्या भागाचे फॉर्म माझ्याकडे आले. केंद्र पाहायला गेलो तेव्हा मला वाढायला एक शेतमजूर होता. भूकंपात त्याची थोरली मुलगी गेली होती. त्याच्या भाकरीला तोवर तालुक्याचा आकार उरला नव्हता. गुरुजींच्या पत्नीने मला आग्रह करून तिसरी खायला लावली.

नियम असा होता, की केंद्रातून बाहेर पडून वर्ष झालेल्या माणसाच्या घरी दोनदा जायचे, दुसऱ्यांदा तारीख कळवून. दोन्ही वेळा भेटला नाही, तर 'पुन्हा व्यसनाधीन' लिहायचे. वर्षाने मी त्या मजुराच्या गावी गेलो. तो नव्हता, केंद्रातून परतलेले इतरही बरेच नव्हते. त्याची बायको म्हणाली, "लातूरला कामाला गेलेत." कामाला गेलेल्यांसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी दुसऱ्या भेटीची तारीख गुरुजींना कळवली.

त्या तारखेला मी गेलो नाही. मुलीला लातूरच्या क्लासला घालायचे होते आणि प्रवेश त्याच दिवशी होते. सकाळपासून मी तिथल्या रांगेत उभा होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून त्या गावच्या राहिलेल्या सगळ्या नावांपुढे लिहिले, 'दुसरी भेट : घरी नाही.' गेलो असतो तरी कोण भेटणार होते, अशी मनाची समजूत घातली आणि अहवाल पाठवून दिला.

मुलगी लातूरच्या एका मेसवर जेवू लागली. तिचा पहिला फोन अभ्यासाचा नव्हता. "बाबा, इथले मामा काय भाकरी करतात! आईला सांगू नका." पंधरा दिवसांनी तिला भेटायला गेलो, तर चुलीपुढे तोच मजूर.

"साहेब! अहो, त्या दिवशी कुटं व्हता? गुरुजींचा निरोप आला म्हणून मेसला सुट्टी टाकून गावाकडं गेल्तो. इस्त्रीचा सदरा घालून दिवसभर दारात बसलो. बायको मनली, लगीन हाय का तुमचं?"

मुलगी खळखळून हसली. मलाही हसावे लागले.

"मग? झालो का मी पास?"

"झालात की," मी म्हणालो.

"लई झ्याक! गुरुजीला सांगतो."

एक पत्र पाठवून अहवाल दुरुस्त करता आला असता. पण मग न दिलेल्या भेटी कबूल कराव्या लागल्या असत्या. मी पत्र लिहिले नाही. आमच्या भागात गुरुजींच्या केंद्राचा निकाल सगळ्यात वाईट ठरला. त्याची मान्यता गेली आणि ते बंद पडले.

मुलगी डॉक्टर झाली. गुरुजी वारले. मामांनी स्वतःची मेस काढली. लातूरला गेलो की मी तिथेच जेवायचो आणि दर खेपेला न बोलता परत यायचो. या उन्हाळ्यात मात्र त्यांच्यापुढे बसून सगळे सांगितले.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"मला वाटायचं, बाकीचे परत प्याले म्हणून केंद्र गेलं. गुरुजीलाबी तसंच वाटायचं. आपलं कुटं चुकलं, म्हणायचे. शेवटपर्यंत."

त्यांनी ती भाकरी माझ्या ताटात टाकली.

"जेवा आधी. मग बाईंकडं जा. मला सांगून काय उपयोग? मी पास हाय, हे मला ठाऊकच व्हतं."

बाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. त्या आता मुखेडला मुलाकडे असतात. त्यांच्यासमोर माझी जीभ पुन्हा कच खाईल, या भीतीने हे लिहून काढले आहे. त्या गावातले बाकीचे दारूकडे परत गेले की नाही, मला माहीत नाही. मी पाहायला गेलोच नव्हतो. गुरुजींचे चुकले, असे म्हणायला माझ्या कागदाशिवाय कुठेही पुरावा नव्हता आणि तो कागद खोटा होता.

बाईंना बारीक अक्षर दिसत नाही, असे मामांनी बजावले होते. म्हणून सगळे मोठ्या अक्षरात उतरवले आहे.