बघ रे, दिसला का?

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, लेकीला नाही. दर रविवारी ज्याच्यापुढे गुडघे टेकतो त्यालासुद्धा नीट शब्दांत नाही. त्याला ठाऊक असेलच म्हणा, पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि मी तोंडानं सांगणं वेगळं. तुम्हालाच का सांगतोय? काय माहीत. तुमच्याशी उद्या जिन्यात गाठ पडणार नाही, म्हणून असेल.

आधी जरा गोडाचं सांगू द्या. एकदम मुद्द्यावर यायला मला जमत नाही, माझी बायको शैला म्हणते तसं — विनयला विचारलं किती वाजले, तर तो घड्याळ कुठून घेतलं तिथून सुरुवात करतो.

मी नगरचा ख्रिस्ती. शैला पुण्याची, सोवळ्याओवळ्याच्या घरातली. लग्न रजिस्टर केलं आणि दोन्हीकडे कल्लोळ झाला. माझ्या घरचे हळूहळू निवळले. शैलाची आई काही केल्या निवळेना. मग मला नोएडात नोकरी लागली, कॉम्प्युटर जोडणाऱ्या कंपनीत, आणि आम्ही मयूर विहारला तळमजल्याचा फ्लॅट भाड्यानं घेतला. ते दिवस आठवतात तुम्हाला? रोज दुकानात काहीतरी नवीन यायचं. कालपर्यंत टीव्हीवर दोन चॅनेलं होती, आज गच्चीगच्चीवर छत्र्या उगवलेल्या. नोएडात सेक्टर अठराला पहिल्यांदा पिझ्झा खाल्ला तेव्हा शैलानं चीजची तार हातभर ओढली आणि भर दुकानात म्हणाली, "अगबाई, हे तुटतच नाही रे!" शेजारच्या टेबलावरचे सरदारजी इतके हसले, की त्यांनी आम्हाला त्यांची चटणी दिली.

आमची चैन तेवढीच. इंडिया गेटला स्कूटरवरून जायचं, एक संत्र्याची कांडी दोघांत खायची, तिनं बर्फ माझ्या मानेला लावायचा. आणि रविवारी चर्च, चर्चनंतर छोले भटुरे. हो, चर्च. आमचा करारच होता — माझ्या रविवारी ती, तिच्या संकष्टीला मी. तिनं तिची बाजू अशी पाळली, की मी बघत राहायचो. डोक्यावरून पदर घेऊन बसायची. चर्चमधली हिंदी गाणी पाठ केली. गुड फ्रायडेला माझ्याबरोबर उपाशी राहिली, नाताळात करंज्यांना अशी मुरड घातली की माझ्या आईनं नगरहून विचारलं, कुठून शिकलीस गं? पाळकसाहेब पापांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून द्यायची पापांची कबुली, म्हणायचे तेव्हा ही सगळ्यांत खणखणीत आवाजात म्हणायची. हिचं कसलं आलंय पाप? आणि मी तिच्या शेजारी उभा, ओठ हलवत. सगळ्यांबरोबर म्हटलं की त्यात आपलं लपतं.

आता माझ्या बाजूचं.

संकष्टीला दिवसभर उपास, संध्याकाळी मोदक, चंद्र दिसला की नैवेद्य आणि मग जेवण — हे तुम्हाला माहीतच आहे. बहुतेक घरांत कॅलेंडरवरची वेळ बघतात आणि पानं वाढतात. आमच्याकडेही पुण्याहून आणलेलं कॅलेंडर होतं. पण त्यात मुंबई, पुणे, नागपूर, असल्या गावांच्या वेळा. दिल्ली नव्हती. पहिल्या महिन्यात शैला त्या कागदापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "हा चंद्र तिकडचा आहे. आपला वेगळा." तेव्हापासून ठरलं, की डोळ्यांनी बघायचा. तळमजल्यावरून तो दिसत नसे, समोरची इमारत आड यायची. चार मजले चढून गच्चीवर जावं लागे. मोदक तिचे, चंद्र माझा. गॅसवर मोदकपात्र ठेवलं की ती आतूनच ओरडायची — बघ रे, दिसला का?

आणि मी जायचो. दुसऱ्या मजल्यापर्यंत.

तिथे वळणावर एक खिडकी होती, पश्चिमेकडची. तिथे उभं राहून मी एक सिगरेट ओढायचो, बडीशेप तोंडात टाकायचो, खाली यायचो आणि सांगायचो — दिसला. ती हात जोडायची. कुणाला? माझ्या शब्दाला. हे एकदा नाही झालं. महिनोन्‌महिने, वर्षं उलटून गेली तरी.

तुम्ही म्हणाल, एवढंच? बायकोची भूक बघवत नसेल बिचाऱ्याला. मीही स्वतःला हेच सांगत आलो. छे! खोटं आहे. चढायचा कंटाळा हे एक. पण त्याच्याखाली दुसरं होतं — मला मजा यायची. शिकलेली, हुशार, माझ्यापेक्षा जास्त वाचणारी बाई, आणि तिचा चंद्र कधी उगवायचा ते मी ठरवायचो! मला भूक लागली असली की तो लवकर यायचा, टीव्हीवर क्रिकेट रंगलेलं असलं की उशिरा. हे सांगताना आत्ताही कान गरम झालेत माझे.

थांबा. अजून खरं सांगितलेलं नाहीच. मी पुन्हा घड्याळाच्या दुकानात घुटमळतोय.

दोनदा मूल राहिलं आमचं आणि दोनदा गेलं. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं — स्कूटर नाही, जिने नाही. उपासाला दूध आणि फळं घेतलीच पाहिजेत. शैलानं सगळं ऐकलं, पण रात्रीचं जेवण मात्र चंद्राशिवाय नाही म्हणाली. या मुलासाठीच नवस बोलली होती ना ती देवाला.

त्या आठवड्यात तिच्या आईचा निरोप आला. लेकीची काळजी वाटते, येते म्हणाल्या. पण जावई घरात नसेल तर. त्यानं तेवढे दिवस दुसरीकडे राहावं. शैलानं मला हे सांगितलं. मी वाट बघत होतो, की ती म्हणेल, असं कसं चालेल. ती काहीच बोलली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं झाली, आणि हिला अजून विचार करावा लागतो? मी बोलणं टाकलं.

आणि संकष्टी आली. ही नेहमीची नव्हती. वर्षातून एकदा आपली संकष्टी आणि इकडच्या लोकांची करवा चौथ एकाच दिवशी येतात, चतुर्थी तीच ना. सगळी कॉलनी त्या दिवशी चंद्रावर डोळे लावून. वरच्या मजल्यावरच्या खुराना भाभी मला नेहमी चिडवायच्या, "भाईसाहब, हम तो साल में एक बार, आपकी शैला हर महीने करवा चौथ रखती है! किस्मत वाले हो!" मी समजावायचो, की ते माझ्यासाठी नाही, गणपतीसाठी आहे. त्या म्हणायच्या, बिल्कुल, बिल्कुल.

त्या संध्याकाळी मी खरंच वर गेलो. रागानं घरात बसवेना म्हणून. गच्चीचं दार ढकललं आणि — कसं सांगू? सगळ्या गच्च्या भरलेल्या. नजर जाईल तिथवर लाल, गुलाबी, जरीच्या बायका, हातात चाळण्या, ताटांत दिवे. नव्या नवऱ्या, म्हाताऱ्या आज्या, ऑफिसातून तशाच आलेल्या मुली. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, नोएडाकडे, जिथे अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या सळया आभाळात घुसल्या होत्या. एवढी माणसं आणि आवाज नाही. एक लहान पोर रडलं तर त्याच्या आईनं त्याला गप्प केलं, जणू आवाजानं तो यायचा थांबेल.

मग त्या सळयांच्या मागून तो वर आला. अहाहा! धुळीनं तांबडालाल झालेला, परातीएवढा. गच्चीमागून गच्ची ओरडत गेली — निकल आया! निकल आया! फटाके, थाळ्या, बांगड्या. खुराना भाभी चाळणीतून नवऱ्याकडे बघत रडत होत्या आणि ढेरपोटे खुरानासाहेब लाजून जमिनीकडे बघत होते. माझे हात आपोआप जोडले गेले. एवढी वर्षं जे मी दुसऱ्या मजल्यावर सिगरेटीत उडवलं, ते हे होतं? हे दर महिन्याला इथे, माझ्या डोक्यावर होत होतं?

तुम्हाला वाटेल, मी धावत खाली गेलो असेन. धावलोच. पण जिना उतरता उतरता राग परत आला, प्रत्येक मजल्यावर थोडा थोडा. दारात पोचलो तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती, एक हात पोटावर. बाहेर फटाके वाजत होते. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "नाही अजून."

हेच ते. हेच मला सांगायचं होतं. चंद्र डोळ्यांत घेऊन आलो होतो मी, आणि पोटुशी बायकोला म्हणालो — नाही अजून.

ती "बरं" म्हणाली. गॅस बारीक केला आणि पाटावर बसली. तेवढ्यात खुराना भाभी मठरीचं ताट घेऊन खाली आल्या. "शैला, चाँद निकल आया, अब तो कुछ खा ले, बच्चे का सोच!" शैला हसून आपल्या त्या पुणेरी हिंदीत म्हणाली, "इनको अभी नहीं दिखा भाभीजी. ये देखेंगे तब खाऊँगी." भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं.

सगळी कॉलनी एका बाजूला आणि माझा एक शब्द दुसऱ्या बाजूला. तिनं माझा घेतला. तिला फटाके ऐकू येत नव्हते का? तिला कळलं नसेल का? मी आजवर विचारलेलं नाही. छाती होत नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली — बघ रे, दिसला का? मी त्या खिडकीपर्यंत जाऊन आलो आणि पुन्हा नाही म्हणालो. हो, पुन्हा. मग मात्र तिचे ओठ पांढरे पडलेले दिसले आणि मी टरकलो. तिसऱ्यांदा बाहेर पडलो, उंबऱ्यावरूनच परत फिरलो, म्हणालो, दिसला. ती भिंतीला धरून उठली. नैवेद्य दाखवला. चंद्राच्या दिशेला नुसती भिंत होती, त्या भिंतीला नमस्कार केला. मग मोदक मोडला आणि पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. "दमलास ना रे, किती चकरा झाल्या तुझ्या."

तो तुकडा मी गिळला. काय करणार होतो?

जेवून झाल्यावर ती म्हणाली, "दुपारी एसटीडी बूथवर जाऊन आईला फोन केला होता मी. सांगितलं, विनय नसेल त्या घरात तूही येऊ नकोस. उपाशीपोटी पुन्हा तो विषय नको, म्हणून बोलले नाही तुझ्याशी."

लेक सुखरूप झाली. आणि बारशाला शैलाची आई आली, मी घरात असताना. पाटावर बसल्या, नातीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "शैलानं सांगितलंय मला सगळं. दर चतुर्थीला चार मजले चढून तुम्ही चंद्र बघायचात. आमच्या घरातल्या एका पुरुषानं कधी एवढं केलं नाही, विनयराव." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी मान खाली घातली, आणि सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

त्यानंतर दर संकष्टीला पुण्याहून त्यांचा फोन. शैलाला नाही, मला. "काय विनयराव, तुमचा दिसला का?" आमचा आधी उगवायचा, त्यांचा नंतर. मी दिसला म्हटलं, की त्यांना बरं वाटायचं. नातेवाइकांत त्या सांगत फिरायच्या, आमचा जावई असा आणि तसा. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या मनात मी तसाच होतो. जे दार माझ्यासाठी उघडलं, ते खोट्यानं उघडलं. आणि त्या दारातून मी वर्षानुवर्षं आत जाऊन गोडधोड खाल्लं.

आता आम्ही द्वारकेला राहतो, वरच्या मजल्यावर. बाल्कनी पूर्वेला आहे. चंद्र आपण होऊन घरात येतो, त्याला शोधायला कुणाला धाडायची गरज नाही. ओट्यापाशी उभं राहून नुसती मान वळवली तरी शैलाला दिसेल.

ती वळवत नाही. परवाच्या संकष्टीलाही मोदकपात्रावर झाकण ठेवून, बाल्कनीकडे पाठ करून, तशीच आतून म्हणाली — बघ रे, दिसला का? मी कठड्याशी उभा राहिलो. खूप धूळ होती. बराच वेळ काहीच नव्हतं, मग विमानतळाच्या दिव्यांच्या वर तो आला, तसाच तांबडा. मी नीट बघितला. मग म्हणालो, दिसला.

तिनं तिथूनच, मागे न बघता, हात जोडले.