जाड राहिलेली डबी

इंदिरानगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना स्वस्थ बसणं जमत नाही. बोलतानाही बोटांनी हवेत काहीतरी गोल फिरवत असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये छोटा लेथ बसवला आणि शिरगोळ्यातून, म्हणजे रांगोळीच्या मऊ पांढऱ्या दगडातून, वाट्या, डब्या कातू लागले. पांढरी भुकटी कायम भुवयांवर. "भावजी, भुवया माझ्या दाराशी झटका, रांगोळी आयती होईल," असं माझी बायको म्हणायची.

वाटी झाली तरी त्यांचं समाधान होत नसे. उजेड बाहेर दिसण्याइतकी ती पातळ झाली का, ते आत मोबाइलचा टॉर्च धरून बघायचे. "सर, अजून उजेड झिरपत नाही," म्हणत पुन्हा हत्यार लावायचे आणि वाटी तडकायची. त्यांच्या फळीवर धड वस्तू एकही नाही.

बायको गेली. तिचे काळे मणी ठेवायला डबी हवी होती. हरसूलच्या बाजारातून तिनेच हौसेनं आणलेला शिरगोळ्याचा गोटा मी त्यांना दिला. तसा दुसरा नव्हता. कातून होईपर्यंत मी गॅरेजच्या दारात येरझाऱ्या घालत होतो.

डबी झाली. त्यांनी टॉर्च धरला. उजेड आला नाही. त्यांचा हात हत्याराकडे गेला. माझ्या येरझाऱ्या थांबल्या. मग त्यांनीच लेथ बंद केला.

"जाड राहिली, सर."

"राहू द्या."

डबी माझ्या हातात देऊन त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. खिशात बोटं फिरतच होती.