नाक्याची खिडकी

लग्न होऊन मी तुळजापूरहून नळदुर्गला आले, तेव्हा सासरच्या बैठकीला एक खिडकी होती आणि त्या खिडकीला सगळं नळदुर्ग होतं.

निजामाच्या काळात ते घर म्हणजे जकातीचा नाका. मामंजी तिथंच कारकून. गादीवर बसल्या बसल्या बाहेरच्या गाडीतली पोती दिसावीत म्हणून खिडकी गुडघ्यापासून निघून थेट आढ्याखाली कमानीत संपायची. रुंदी एवढी की बैल आत आला असता. विलीनीकरणानंतर नाका उठला, मामंजी तहसिलीत गेले आणि रिकामी इमारत त्यांनीच राहायला भाड्यानं घेतली. वर्षानुवर्षं ते लोकांच्या पोत्यांत डोकावले होते. आता लोक त्यांच्या ताटात डोकावत होते. जुने गाडीवान तर सवयीनं थांबायचे आणि वरणभात कालवणाऱ्या मामंजींना विचारायचे, "जाऊ का रावसाहेब?"

शेवटी मामंजी वैतागले. "नवरात्र झालं की गवंडी येईल. विटा लावून बुजवून टाकू," म्हणाले.

घरात दुसरी खिडकी म्हणजे स्वयंपाकघरातला झरोका, आणि त्यातून फक्त शेजारची म्हैस दिसायची. मोठ्या खिडकीतून हैदराबादचे ट्रक, सोलापूरची एस.टी., भांडणं, वराती, सगळं जग जाताना दिसे. म्हशीकडं बघत जन्म काढायची माझी मुळीच तयारी नव्हती.

"मी पडदा लावते की मामंजी," मी हळूच म्हणाले.

"त्या खिंडाराला?" सासूबाई हसल्या. "तेवढं कापड कुठं मिळतंय ते तर सांग बाई!"

"लावू दे," मामंजी म्हणाले. "गवंडी येईपर्यंत काय लावायचं ते लावू दे."

पहिल्यांदा गोणपाट शिवून टांगलं. खालचा भाग झाकला, पण वरची कमान उघडीच राहिली आणि ट्रकवाल्यांची बैठक नेमकी तेवढ्याच उंचीवर. एकानं ब्रेक दाबून वरूनच विचारलं, "खाने को क्या है जी?" मग मामंजींची जुनी धोतरं जोडून कमानीपर्यंत चढवली. दिवसभर झकास. संध्याकाळी कंदील लावला आणि समोरच्या पानपट्टीवर एकदम हशा पिकला. मामंजी सदरा काढून हातपंख्याच्या दांड्यानं पाठ खाजवत होते आणि त्यांची हत्तीएवढी सावली धोतरावर नाचत होती. सासूबाईंनी धावत जाऊन कंदील विझवला.

मग मला माहेर आठवलं. वडील देवीचे पुजारी. त्यांच्या पूजेच्या पाळीच्या दिवशी देवीला आलेली लुगडी घरी यायची आणि आमच्याकडं त्यांचं काय व्हायचं नाही? पाळण्याची झोळी व्हायची, दुपटी व्हायची, खोलीतला आडोसासुद्धा व्हायचा. भावाला निरोप धाडला, तो गाठोडं घेऊन आला. हिरवी, लाल, जरीच्या काठांची नऊवारी. कमानीच्या टोकाशी निऱ्या एकत्र बांधल्या, दोन्ही बाजूंना दुहेरी पसरून सोडल्या. ना कमान उघडी, ना सावली. मामंजी बघून नुसतं "हूं" म्हणाले, पण गवंड्याला काही नको म्हणाले नाहीत.

नवरात्र लागलं. कर्नाटकाकडून अनवाणी तुळजापूरला निघालेले लोक आमच्या दारावरूनच जात. सकाळी केर काढायला बाहेर गेले तर खिडकीच्या कट्ट्यावर हळदकुंकू आणि फोडलेला नारळ! संध्याकाळी आत समई लावली आणि बाहेर गजर झाला, "आई राजा उदो उदो!" एक बाई तर रस्त्यावरच लोटांगण घालत होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कमान, निऱ्या, आत तेवता दिवा! आम्ही पुजाऱ्यांनी देवीला कायम आतून पाहिलेलं; रांगेतल्या माणसाला ती कशी दिसते हे आम्हाला कुठून कळणार?

मामंजी तावातावानं बाहेर गेले. "अहो, हे देऊळ नाही, घर आहे!" एका म्हाताऱ्यानं तेवढ्यात त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि "पुजारीबुवा" म्हणून पायांवर डोकं ठेवलं. मला आत हसू आवरेना. पदर तोंडात कोंबावा लागला.

दसरा झाल्यावर गवंडी आला. अंगणातच चपला काढल्या, खिडकीकडं बघून हात जोडले आणि थापी परत पिशवीत घातली.

"न्हाय जी. आईच्या तोंडावर म्या न्हाय इटा लावणार."

"अरे, माझ्या सुनेनं टांगलेली लुगडी आहेत ती!"

"व्हय की. सून तुळजापूरची न्हवं?"

दुसरा गवंडीही तसाच परत गेला. विटांची गोष्ट पुन्हा घरात निघाली नाही. मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटत होत्या.

एकदा दिवेलागणीला मी समई लावून पडद्याच्या फटीतून रस्ता बघत उभी होते. मामंजी तहसिलीतून येत होते. खिडकीसमोर थांबले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग छत्री काखेत मारली, चपला काढल्या आणि हात जोडून चांगले कमरेत वाकले. नेमके माझ्यासमोर. मी श्वास रोखला. पण हात कुठला ऐकतोय! मी पडद्याआडून उजवा हात वर केला आणि त्यांना आशीर्वाद देऊन टाकला.

ते घरात आले तशी मी रोजच्यासारखी त्यांच्या पाया पडले. "अखंड सौभाग्यवती भव," ते म्हणाले.

मनात म्हटलं, झाली फिट्टंफाट.