सिंगापूरला गेले, जपानी आर्किटेक्टसमोर पाच मिनिटं बसायला

त्यांचं नाव लिहीत नाही. चुकून त्यांनी हा ब्लॉग वाचला तर उरलीसुरली अब्रूही जाईल.

त्यांचं पहिलं काम म्हणजे एका खेड्यातला बसस्टॉप. आजही ते छोटी लाकडी घरं, शाळा, दवाखानेच करतात. कॉलेजात असताना मैत्रिणींच्या भिंतींवर क्रिकेटर, माझ्या भिंतीवर हा बसस्टॉप. सिंगापूरला त्यांचं लेक्चर होतं. नंतर ते काही नवशिक्या आर्किटेक्टचे पोर्टफोलिओ बघणार, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि त्यातल्या एकाला टोकियोच्या ऑफिसात सहा महिने काम. यादीत माझं नाव आलं आणि मी बाबांना मस्का लावून तिकीट काढलं.

मुक्काम बुकित पंजांगला, मावशीच्या फ्लॅटवर. तिथल्या एलआरटीत, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या छोट्या मेट्रोत, नक्की बसा. बिल्डिंगच्या अगदी जवळून जाताना खिडक्या आपोआप धूसर होतात, म्हणजे कोणाच्या घरात डोकावता येत नाही. मी तीन फेऱ्या मारल्या आणि वहीत ‘प्रायव्हसी’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मावशी म्हणाली, “मी दहा वर्षं यातून भाजी आणतेय गं. कधी नोट्स काढाव्याशा नाही वाटल्या.”

दुसऱ्या दिवशी डाउनटाउन लाइनच्या मेट्रोने टेलोक आयर, तिथून चालत रॅफल्स प्लेस. स्टेशनच्या गेटवर बँकेचं कार्ड टॅप केलं की झालं. जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, व्हेज बीहून खा. तांदळाच्या शेवयाच त्या, चार-पाच डॉलरमध्ये पोट भरतं. मी मात्र पूर्ण काळ्या कपड्यांत होते, कारण आर्किटेक्ट काळंच घालतात. त्या उकाड्यात लेक्चरच्या हॉलपर्यंत पोचले तेव्हा भिजलेल्या छत्रीसारखी दिसत होते. सर साध्या चेक्सच्या शर्टात.

लेक्चरमध्ये फिलॉसॉफी शून्य. शाळेच्या खिडकीतून पहिलीतल्या मुलाला काय दिसतं, यावरच ते वीस मिनिटं बोलले. मी पहिल्या रांगेत मान डोलवत होते.

मग माझा नंबर. माझं स्टार प्रोजेक्ट म्हणजे आमच्याच पाच जणांसाठी घर. पांढऱ्या भिंती, सामान नाही, आणि ‘रिकामेपण’ या विषयावर माझं एक पानभर इंग्लिश. ते पान त्यांनी उलटलं. प्लॅनवर दारापाशी बोट ठेवलं.

“चपला कुठे काढायच्या?”

“कुठेही, सर.”

“तुमच्याकडे चपला घालून घरात फिरतात?”

“नाही.”

“आमच्याकडेही नाही.” ते हसले. “हे घर कुठून आणलंत?”

खोटं बोलायला सुचलं नाही. “तुमच्या घरांच्या फोटोंवरून.”

“फोटो काढताना आम्ही चपला बाजूला सरकवतो,” ते म्हणाले. “प्लॅन परत काढा आणि मला पाठवा.”

पाच मिनिटांतली दोन उरली होती. ती मी थँक्यू म्हणण्यात घालवली.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “हे मला विचारायचंस ना. मी फुकट सांगितलं असतं.”

पुण्यात परतले आणि मोजायची टेप घेऊन दारात बसले. माणसं पाच, जोड चौदा. आई म्हणाली, “मोजतेच आहेस तर पुसून ठेव.” नवा प्लॅन पाठवला. आठवड्याने उत्तर आलं. टोकियोची जागा दुसऱ्या कोणालातरी मिळाली. खाली त्यांची एक ओळ होती: “आता चपलांना जागा आहे. तुमचे वडील बूट बसून काढतात की उभ्याने?”

मला माहीतच नव्हतं. चोवीस वर्षं एका घरात राहून.

त्या संध्याकाळी बघितलं. बाबा भिंतीला हात टेकवून, एका पायावर डुगडुगत बूट काढतात. भिंतीवर तिथे काळपट डाग पडलाय.

तेव्हापासून रोज एखादं पुस्तक कमी-जास्त करून, टेप लावून, त्यांना दारात जाड पुस्तकांच्या ढिगावर बसवते. ते कुरकुरतात, पण बसतात. काल साडेसतरा इंचांवर बसवलं, तर भिंतीला हात न लावता उठले.