चुलीची अट

कुंडलिकनानाला ठाण्याकडं येऊन चाळीस वर्षं झाली, तरी कुणी विचारलं की तो सांगतो, "हितं आपलं तात्पुरतं हाय."

तात्पुरत्यातच त्यानं कोलशेतच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरवर काढली. तात्पुरतीच दिव्यात चाळीतली खोली घेतली. पोरगा रत्नदीप शिकला, बंगळूरला नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. बायको भीमाबाई गेली तीही ह्याच तात्पुरत्या खोलीत, चार वर्षांमागं. आता खोलीत नाना, एक टीव्ही आणि पाण्याची तीन निळी पिंपं. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही आलं तर. शेजारची शालू पिंपाकडं बघून म्हणते, "नाना, गावाला पाणी नाही, इथंपण नाही. तुम्ही दुष्काळ बरोबर घेऊनच फिरता काय?" नाना हसतो. कित्येकदा दिवसाचं बोलणं तेवढंच.

गाव माणदेशात, बरडवाडी. नावात खोटं काही नाही. पाऊस तिथं यायला निघतो आणि अलीकडच्या डोंगरावरच बूड टेकतो. वस्तीमागं ओढा, ओढ्याकाठी विहीर, आणि विहिरीत होळीच्या आधीच खडक दिसतो. नानाच्या डोक्यात एकच होतं. ओढ्यावर बांध पडावेत, विहिरीला पाणी टिकावं, मग दिव्याच्या खोलीला कुलूप घालून आपल्या घरात जाऊन राहायचं. दुसरं काही मागणं नव्हतं.

अकरा वर्षांमागं एक संस्था गावात आली होती. अट अशी की ग्रामपंचायतीच्या दप्तरात जेवढी घरं, तेवढी माणसं श्रमदानाला. घरं बासष्ट. त्यातल्या एकोणीस घरांना कुलपं. माणसं कोण दिव्याला, कोण कोपरला, कोण कल्याणला. नानानं फोन करून करून कान गरम केला. एकही आला नाही. नाना स्वतःही गेला नाही, कारखान्यात दुरुस्तीचं शटडाऊन होतं, रजा मिळाली नाही. मग गावातले म्हणाले, ती येत न्हाईत तर आमीच का मरायचं? संस्था महिनाभर थांबली आणि गेली.

नानानं ते मनाला लावून घेतलं. रिटायर झाल्यावर तो पुन्हा दारं वाजवत फिरला. कोलशेतलाच एका संस्थेच्या ऑफिसात त्याला संचिता भेटली. तिशीतली पोरगी, पण ऐकून घेणारी. तिनं एका कंपनीला तयार केलं. मशीन आणि डिझेल कंपनीचं, आखणी संस्थेची, अंगमेहनत गावाची, आणि ओढ्याचा निर्णयही गावाचाच. कागद लिहिताना नानानं बोट उचललं.

"मॅडम, एक अट माझी लिवा. ज्या घरात चूल पेटती, तेच घर मोजायचं. श्रमदान त्यांचं, मतही त्यांचंच. कुलपाला मत न्हाई."

"काका, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं," संचिता म्हणाली.

त्या दिवशी नाना ऑफिसपासून ठाणे स्टेशनापर्यंत चालत गेला. रिक्षात बसून वाया घालवण्यासारखा आनंद नव्हता तो.

सह्या करायला बरडवाडीची दोन माणसं कोलशेतला आली. एक काळुराम, नानाच्या चुलतभावाचा पोरगा, पाणी समितीचा अध्यक्ष. दुसरी बायजा, नानाच्या घराशेजारची, साठी उलटलेली, जिभेला हाड नसलेली. बायजानं नानाला बघितल्या बघितल्या सुनावलं, "जय भीम, भावजी. वाळलासा की! हितलं पाणी न्हाय वाटतं मानवत?"

"मिळाल्यावर मानवंल," नाना म्हणाला.

काळुरामनं पिशवीतनं पुठ्ठा काढून टेबलावर पसरला. गावानं चावडीसमोर रांगोळीनं सगळं शिवार काढलं होतं, त्याची ही नक्कल. ओढा निळा, वाटा पांढऱ्या, आणि घर तिथं एक चिंचोका डिंकानं चिकटवलेला. चिंचोके बायजानं लावलेले. घरोघर जाऊन, चुलीत डोकावून.

"एकबी खोटा न्हाई," ती म्हणाली. "दगडूच्या सुनंनं गॅस दाखवला. मी म्हणलं, चालतंय, पेटवून दाव."

सगळे हसले. नानाही हसला, आणि चष्मा पुसून पुठ्ठ्यावर वाकला. बोट ओढ्यावरनं निघालं, विहिरीपाशी आलं, लिंबाच्या झाडापाशी वळलं. बायजाचा चिंचोका होता. त्याच्या शेजारी नुसता पुठ्ठा.

"हितला निघाला वाटतं," नाना म्हणाला, आणि टेबलाखाली बघायला लागला.

काळुरामनं बायजाकडं बघितलं. मग बायजाच म्हणाली, "निघाला न्हाई भावजी. लावलाच न्हाई."

"कुलूप हाय म्हणून?"

काळुरामनं पुठ्ठ्याचा कोपरा उगाच दाबून धरला. "कुलूप कुठलं नाना. दार गेलं, भिंत गेली. औंदाच्या पावसात बसलंच घर. फोनवर कसं सांगायचं म्हणून ऱ्हायलं." मग म्हणाला, "दगुड वाया न्हाई गेलं पर. ओढ्यावर पहिला बांध घातला नमुन्याला, त्याला लावलं. तुमाला विचारायला पायजे हुतं."

संचिताला काहीतरी करावंसं वाटलं. "काका, तुमचं घर विशेष म्हणून धरता येईल. तुम्ही इतकं केलंय."

नानानं मान हलवली. "नगं. उद्या कोपरचा म्हणंल, मीबी विशेष. कल्याणचा म्हणंल. पुन्हा एकोणीस कुलपं." आणि बायजाकडं बघून म्हणाला, "तू बरूबर लावल्यास, वैनी."

सह्या झाल्या. कंपनीची, संस्थेची, गावाची. चौथ्या सहीला रेघ कागदावर नव्हतीच. पोह्यांच्या बशा आल्या, फोटो निघाला. फोटो काढायला माणूस नव्हता म्हणून मोबाईल नानाच्या हातात दिला होता.

दोन दिवस नाना खोलीतच होता. शालूनं दार वाजवून पाणी आल्याचं सांगितलं, तेव्हा पिंपं भरली, एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काळुरामला फोन लावला.

"श्रमदान कवा?"

"पुढल्या सोमवारपासनं चार दिस."

"मी येतोय."

"आवं नाना, तुमचं घरच धरलं न्हाई, तुमाला कशाला तरास? उद्घाटनाला या की. पावणं म्हणून या. हार घालू."

"पावणा घमेलं उचलत न्हाई, काळुराम."

काळुरामनं हाराचा विषय सोडला.

"ऱ्हाणार कुठं?"

"विहारात पडंन."

"बरं," काळुराम म्हणाला. "मग खोरं तेवढं तुमचं तुमी आणा. हितं मोजून आणल्यात. घरटी एक."

संध्याकाळी नाना दिवा स्टेशनाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. चार खोरी वाजवून बघितली, एक घेतलं. दुकानदारानं दांडा पुढं केला, गुळगुळीत, पॉलिश केलेला.

"नको," नाना म्हणाला. "दांडा तिकडं बाभळीचा घालीन."

खोऱ्याचं पातं त्यानं पेपरात गुंडाळलं, काखेत मारलं आणि खोलीकडं निघाला. नळाचा दिवस नव्हता. घाई नव्हती.